उन्हाच्या गावी उन्हाचा दुष्काळ

गतवर्षीच्या मे महिन्यात आम्हांस भोपाळ पाहण्याचा योग आला. योग म्हणण्यापेक्षा प्रसंग आला असे म्हणणे अधिक खरे होईल. कारण निमंत्रण सहलीचे नव्हते, काळजीचे होते. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या विवाहानंतर तिकडे राहावयास गेली. जावई तेथे एका बँकेत नोकरीस आहेत, आणि पदरी आठ महिन्यांचा मुलगा आहे. फोनवर बोलताना ती एके दिवशी म्हणाली, "काका, जमिनीवर बसले की हात टेकल्यावाचून उठता येत नाही. जिना चढताना मांड्या भरून येतात. रात्रभर कंबर ठणकते."

हीच मुलगी वसईस असताना पहाटे आमच्याबरोबर वाडीत पाण्याचे पाट वळवीत असे. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन दोन मैल चालली तरी तिच्या तोंडून कधी हुंकार निघाला नाही. वय अवघे एकोणतीस. गावात ज्याने त्याने आपापले निदान सांगितले. कोणी म्हणाले, बाळंतपणाचा वात राहिला. कोणी म्हणाले, परमुलखाचे पाणी बाधले. बंधूंची प्रकृती ठीक नसल्यामुळे "तुम्हीच एकदा जाऊन पाहून या," असे त्यांनी आम्हांस सांगितले, व आम्ही निघालो.

कल्याणला रात्रीची गाडी पकडली. कसाऱ्याचा घाट अंधारात चढून गाडी नाशिक रोडला थांबली तेव्हा डब्यात बहुतेक मंडळी झोपी गेली होती. आम्ही खिडकीशी बसून फलाटावरील चहावाल्यांची धावपळ पाहत होतो. ज्या प्रश्नासाठी आम्ही पाचशे मैल दूर चाललो होतो, त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी याच नाशिक शहरात शोधले गेले होते, याची त्या वेळी आम्हांस यत्किंचितही कल्पना नव्हती. ती हकीगत पुढे येईलच.

भुसावळ, बऱ्हाणपूर व खांडवा ही स्थानके रात्रीच मागे पडली. इटारसी सोडल्यावर उजाडले आणि नर्मदामाईचे विस्तीर्ण पात्र आले. पूर्वी होशंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावास आता नर्मदापुरम म्हणतात. पुलावरून गाडी जाऊ लागताच डब्यातील कितीतरी हात जोडले गेले. नदी ओलांडल्यावर विंध्याचे डोंगर सुरू होतात. साग व पळस यांच्या रानातून गाडी वर चढत असताना दूरवर मोठमोठे खडक उभे दिसतात. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे मराठी संशोधक याच मार्गाने आगगाडीने चालले असता त्यांस असे खडक दिसले, कुतूहल वाटले आणि ते पायी तेथे जाऊन पोहोचले. भीमबेटक्याच्या गुहा जगापुढे आल्या त्या अशा. तेथील शैलचित्रांतून आदिमानव शिकार करतो, नाचतो, जनावरांमागे धावतो. गुहा त्याचा आसरा होती. त्याचे सारे जिणे मात्र उघड्यावर, उन्हात चालले होते. या गोष्टीचे महत्त्वही आम्हांस पुढे कळावयाचे होते.

भोपाळ हे सरोवरांचे शहर. मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला अशी परंपरा आहे. सकाळी त्याच्या काठी उभे राहिले म्हणजे पैलतीर धूसर दिसतो व आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांस क्षणभर घरची खाडीच आठवते. परंतु नऊ वाजले की चित्र पालटते. मे महिन्यात तेथील पारा चाळिशी ओलांडून जातो. दुपारी जो वारा सुटतो त्यास तिकडे 'लू' म्हणतात. भट्टीचे दार उघडल्याप्रमाणे तो तोंडावर येतो. दुकानांवर पडदे ओढले जातात, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागतात, रस्त्यावरची रहदारी विरळ होते. स्कूटरवरून जाणाऱ्या मुलींनी ओढणीने सारे तोंड गुंडाळलेले, वर काळा चष्मा, हातांत खांद्यापर्यंत मोजे; डोळ्यांशिवाय काही दिसावयाचे नाही, आणि तेही काचेआड. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद यात राहत नाही. नागपूरला व पुण्यालाही आम्ही हेच दृश्य पाहिले आहे.

पुतणीचे बिऱ्हाड नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. घर लहान पण नीटनेटके. सज्जाला काचा लावून तो बंदिस्त केलेला. दार उघडताना ती भिंतीला धरून उभी होती. चालताना किंचित डुलत होती. आमच्या पाया पडण्यास वाकली आणि तशीच अडकून राहिली, तेव्हा आम्हीच तिला धरून उभे केले. त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी मुलगी उभी राहिली आणि घशाशी आवंढा आला.

वर्षभर तिने अंगदुखीच्या गोळ्या खाऊन दिवस काढले होते. अखेर शेजारणीच्या सांगण्यावरून ती एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत आम्हीही त्यांच्या दवाखान्यात गेलो. रक्ताच्या तपासणीचा कागद आमच्यासमोर ठेवून ते म्हणाले, "यांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व एका मिलिलिटरमागे सात नॅनोग्रॅम आहे. निदान वीस तरी हवे. हाडे मऊ पडू लागली आहेत. तुमच्या मुलीला ऊन मिळालेले नाही."

बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होते. रिक्षातून उतरून पायरीपर्यंत येता येता आमचा सदरा भिजला होता. आम्हांस वाटले, डॉक्टर थट्टा करीत आहेत. आमच्या मुद्रेवरील भाव ओळखून ते हसले व म्हणाले, "सगळे असेच पाहतात. परंतु ऊन गावावर पडणे निराळे आणि माणसाच्या अंगावर पडणे निराळे."

मग त्यांनी तिला तिचा दिवसच विचारला. पहाटे उठून घरकाम. आठला यजमान कामावर जातात. नऊच्या आत खिडक्या बंद करून कूलर लावावयाचा. संध्याकाळी सात वाजता, दिवस मावळल्यावर, बाळाला घेऊन खाली. रविवारी मिस्साला जहांगीराबादच्या चर्चमध्ये जाणे होते, तेही स्कूटरवर, तोंड व हात झाकून. फ्रान्सच्या बूर्बों राजवंशाचे नाते सांगणाऱ्या व भोपाळच्या दरबारी मोठ्या पदास चढलेल्या एका ख्रिस्ती घराण्याने ते मंदिर उभारले. तेथेही मिस्सा संपली की सारी मंडळी सावली गाठतात. "पण डॉक्टरसाहेब," पुतणी म्हणाली, "रोज सकाळी सात वाजता मी बाळाला घेऊन सज्जात कोवळ्या उन्हात बसते." डॉक्टर म्हणाले, "काचेआड ना? मग ते ऊन नव्हे, नुसता उजेड."

हे सारे आम्ही नीट समजून घेतले. वाचकांपुढेही ते साध्या भाषेत मांडतो. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतील एक विशिष्ट भाग त्वचेवर पडला म्हणजे त्वचेतील एका स्निग्ध द्रव्याचे 'ड' जीवनसत्त्व बनू लागते. ते रक्तातून यकृतात जाते, तेथून मूत्रपिंडात, आणि दोन्ही ठिकाणी त्यावर संस्कार होऊन ते कामास योग्य होते. मग ते आतड्यास अन्नातील चुना, म्हणजे कॅल्शियम, शोषून घेण्यास लावते. हे जीवनसत्त्व कमी पडले की पोटात गेलेला चुना पुरेसा शोषला जात नाही. मुलांची हाडे वाकतात, त्यास आपण मुडदूस म्हणतो. मोठ्या माणसांची हाडे मऊ होऊन ठणकू लागतात व स्नायू दुबळे होतात. आपल्या मिठागरांचेच उदाहरण घ्यावे. खाडीचे पाणी आहे, वर रखरखीत ऊन आहे. पण कोंडीवर छप्पर घातले तर मिठाचा खडा पिकेल काय? अंगाचेही तसेच आहे.

नेमके हेच किरण खिडकीची साधी काच अडवून धरते. ऊब आत येते, उजेड आत येतो, उपयोगाचे तेवढे बाहेर राहते. सकाळी व संध्याकाळी सूर्य तिरपा असतो तेव्हा या किरणांना हवेच्या थरांतून फार लांबचा प्रवास करावा लागतो आणि त्यांतील बहुतेक वाटेतच जिरतात. म्हणून भल्या पहाटेच्या कोवळ्या उन्हाने मन प्रसन्न होते, हाडांना फारसा लाभ होत नाही. शिवाय आपली सावळी कातडी ही निसर्गाने दिलेली छत्रीच आहे. ती जळण्यापासून वाचविते. परंतु गोऱ्या कातडीपेक्षा तिला तेवढ्याच कामासाठी अधिक वेळ ऊन लागते. दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्याची अडचण पडली नाही. अडचण पडली ती आपण घरात शिरलो तेव्हा.

डॉक्टरांना इतिहासाची आवड. दवाखान्यातील गर्दी ओसरल्यावर त्यांनी आम्हांस चहा पाजला आणि नाशिकची हकीगत सांगितली. थिओबाल्ड पाम हे इंग्रज डॉक्टर मिशनकार्यासाठी जपानात राहिले होते. मायदेशी परतल्यावर धुराने काळवंडलेल्या शहरांत त्यांस मुडदुसाची कितीतरी मुले दिसली. जपानात ती जवळजवळ दिसलीच नव्हती. देशोदेशीच्या डॉक्टरांकडून माहिती गोळा करून १८९० साली त्यांनी लिहिले, की जेथे ऊन कमी तेथे हा रोग फार. त्यांच्या या म्हणण्याकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९१९ साली बर्लिन येथे डॉ. हुल्डशिन्स्की यांनी मुडदुसाच्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडून त्यांची हाडे भरून येतात हे क्ष-किरणांच्या चित्रांनी दाखवून दिले.

मग प्रश्न असा उरला, की उन्हाच्या देशात हा रोग नसावयास हवा. तो का आढळतो? त्याचे उत्तर नाशिकला मिळाले. तेथे डॉ. हचिसन व त्यांचे सहकारी डॉ. पटेल आणि डॉ. शहा यांनी शहरातील बायकामुलांची पाहणी करून १९२१ व १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गरीब कष्टकऱ्यांच्या घरी खाण्याची ददात होती. तरी बाया कामावर जात, पोरे उन्हात धुळीत खेळत, आणि त्यांची हाडे सरळ होती. खाऊनपिऊन सुखी अशा हिंदू व मुसलमान घराण्यांत दूधतूप होते. परंतु सुना व बाळंतिणी अंधाऱ्या खोल्यांत राहत, तान्ही मुले महिनोन् महिने त्यांच्याजवळच असत, आणि रोग नेमका तेथेच होता. नाशिकचे ऊन सर्वांवर सारखेच पडत होते. ज्याच्या दाराआड ते गेले नाही, त्याच्या घरी मुडदूस होता. त्यानंतर डॉ. कॅथलीन वॉन या डॉक्टरीणबाईंनी काश्मिरात हेच पाहिले. नावेवर राहून वल्ही मारणाऱ्या बाया धट्ट्याकट्ट्या होत्या. शहरातील पडद्यातल्या बायकांची कटीची हाडे वाकून बाळंतपणे अडत आणि कित्येकींचा त्यात अंत होई.

हे ऐकून आम्ही काही वेळ गप्प राहिलो. परवाच्या रात्री नाशिक रोडच्या फलाटावर आपण काय ओलांडून आलो, ते आता ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी जावयांनी आम्हांस जुने शहर दाखविले. चौकातील जामा मशीद, मोती मशीद, शौकत महाल, तलावाकाठचा गौहर महाल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९२६ पर्यंत या संस्थानावर एकीमागून एक चार बेगमांनी राज्य केले, ही हिंदुस्थानच्या इतिहासातील अपूर्वच गोष्ट होय. कुदसिया बेगम व त्यांची कन्या सिकंदर बेगम यांनी पडदा पाळला नाही. सिकंदर बेगम घोड्यावर बसून मुलुख फिरत. त्यांच्या कन्या शाहजहान बेगम पुढे दुसऱ्या विवाहानंतर पडद्यात गेल्या. परंतु त्यांनीच बायकांसाठी 'परी बाजार' नावाचा बाजार वसविला, जेथे पुरुषांस मज्जाव असल्यामुळे स्त्रिया मोकळेपणाने वावरू शकत. त्यांच्या कन्या सुलतान जहान बेगम यांनी आयुष्यभर बुरखा घेऊन राज्यकारभार केला, मुलींच्या शाळा काढल्या, आणि अखेरच्या वर्षांत पडदा बाजूस ठेवला. एकाच घराण्यातील चार पिढ्यांच्या स्त्रियांनी ऊन व सावली यांचा असा निरनिराळा हिशेब मांडला.

पुतणीच्या शेजारी एक वृद्ध मुसलमान बाई राहतात. पुतणी त्यांस खाला म्हणते. त्यांचे सारे बालपण जुन्या शहरातील वाड्यात गेले. त्यांनी आम्हांस सांगितले ते आम्ही मराठीत देतो. "आम्ही पडद्यात वाढलो, भाईसाहेब. रस्त्यावर बुरख्याशिवाय पाऊल पडले नाही. पण घरात आंगण होते, वर गच्ची होती, गच्चीला पुरुषभर उंच कठडा होता. थंडीत जेवणे झाली की साऱ्या बायका गच्चीवर. केस वाळवायचे, बाळांना तेल लावायचे, वड्या-पापड घालायचे. ऊन आमच्या घरात येत होते. या फ्लॅटमध्ये पडदा कोणी सांगत नाही, पण ऊनही येत नाही. गच्चीला कुलूप आहे."

खालांचे हे बोल आमच्या मनात घर करून राहिले. पडदा कापडाचाच असतो असे नाही. काचेचा पडदा असतो, कुलपाचा असतो, कचेरीच्या वेळांचा असतो. आणि एक पडदा रंगाच्या धास्तीचा असतो. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील, लग्न ठरायचे आहे," हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत मुलींच्या कानी पडते!

आमच्या मुक्कामाच्या चौथ्या दिवशी रविवार होता. सांचीचा स्तूप पाहावा म्हणून आम्ही सारे मोटारीने निघालो. भोपाळहून विदिशेकडे जाणाऱ्या या रस्त्यास पंचवीस-तीस किलोमीटरांवर कर्कवृत्त छेदून जाते. शाळेत नकाशावर तुटक रेघेने काढलेले ते वृत्त येथे डांबरी रस्त्यावर रेघ ओढून दाखविले आहे. येणारे-जाणारे थांबतात, एक पाय इकडे व एक पाय तिकडे ठेवून छायाचित्र काढवितात. सूर्य उत्तरेकडे येतो तो या रेघेपर्यंत. २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही तो येथे बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लुप्त होते. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. आमची सावली वीतभरही भरली नाही.

तेथे आम्हांस डॉक्टरांचे निरोपाचे शब्द आठवले. ते म्हणाले होते, "घड्याळ पाहू नका, अंगाची काहिली मोजू नका; सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन हाडांच्या कामाचे. लांब असेल तेव्हाचे नुसते शेकण्याचे."

हा नियम आम्ही तेथेच ताडून पाहू लागलो. मे महिन्यात भोपाळला सकाळी नऊच्या सुमारासच सावली उंचीइतकी होते; म्हणजे काहिली पुरती वाढण्यापूर्वी पाव तास, अर्धा तास ऊन घेता येते. नाताळच्या दिवसांत मात्र तेथे भर मध्यान्हीही सावली उंचीहून किंचित लांबच राहते. म्हणून थंडीत दुपारचेच ऊन घ्यावे, आणि खालांच्या वाड्यातील बायका नेमके तेच करीत. आपल्या वसईस, अधिक दक्षिणेस असल्यामुळे, वर्षातील कोणत्याही दिवशी मध्यान्हीची सावली उंचीहून आखूडच असते. लंडनला नाताळात ती साडेतीन पटींहून लांब होते. तेथील माणसाने उन्हाविना राहावे हे दैव. आपण राहावे हा निव्वळ हलगर्जीपणा.

हलगर्जीपणा हा शब्द लिहिताना आम्ही पुतणीस दोष देत नाही. हा प्रकार तिच्या एकटीचा नाही. दिल्ली येथे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मैदानात कवायत करणाऱ्या सैनिकांपेक्षा रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिका यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कितीतरी कमी आढळले. ज्यांनी इतरांस सल्ला द्यावयाचा तेच उणे! दिल्लीतच धुराने भरलेल्या मोरी गेट भागातील लहान मुलांची तुलना स्वच्छ हवेच्या भागातील मुलांशी केली, तेव्हा एकीकडे सरासरी बारा व दुसरीकडे सत्तावीस नॅनोग्रॅम भरले. ही पाहणी २००२ सालची. धुराचा थरही पडद्याचेच काम करतो. दक्षिणेत तिरुपतीच्या परिसरात उघड्यावर राबणाऱ्या खेडुतांचे प्रमाण शहरवासीयांहून चांगले आढळले. परंतु त्यांच्या आहारात चुना कमी होता. म्हणजे ऊन आणि अन्न ही दोन बैलांची जोडी आहे. एकाच बैलाने औत चालत नाही.

अन्नाविषयी दोन शब्द. आपल्या नेहमीच्या भाजीभाकरीत 'ड' जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते असते तेलकट माशांत, म्हणजे बांगडा व तारली यांत, माशांच्या यकृताच्या तेलात, आणि थोडेसे अंड्याच्या बलकात. किनाऱ्यावरच्या आपल्या मंडळींस ही देणगी आहे. भोपाळला गेलेल्या मुलीस ती रोज कोठून मिळणार? चुना मात्र दुधादह्यात, तिळात, हाडकासकट खाल्लेल्या बारीक मासळीत आणि नाचणीत भरपूर आहे. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो. आपल्या आज्या बाळांस नाचणीचे सत्त्व भरवीत, ते उगाच नव्हे.

औषधाविषयीही सावध राहावे. उन्हाने कधी 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही, कारण जास्त झालेले त्वचाच मोडून टाकते. गोळ्या-इंजेक्शनांचे तसे नाही. शेजारणीला गुण आला म्हणून आपणही जबर मात्रेची भुकटी महिनोन् महिने घेत राहिलो, तर रक्तातील चुना वाढून मूत्रपिंडास इजा पोहोचते. प्रयोगशाळेच्या कागदावर तीसच्या खाली आकडा दिसला की घाबरून जाण्याचेही कारण नाही. निरोगी माणसास वीस पुरेसे आहे असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात, आणि काही त्रास नसलेल्या प्रौढांनी उगाच तपासणी करीत बसू नये असा सल्ला २०२४ साली अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांनी दिला आहे. परंतु हाडे ठणकत असतील, जमिनीवरून उठता येत नसेल, मूल उशिरा चालू लागले वा त्याचे पाय वाकडे दिसू लागले, तर वात म्हणून वर्ष दवडू नये.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. आईचे दूध हे अमृत खरे, पण त्यात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. आईच उणी असेल तर बाळास काय मिळणार? दुपारच्या उन्हात कोवळ्या जिवास ठेवणे योग्य नव्हे. म्हणून पहिल्या वर्षी रोज चारशे एककांचे थेंब बाळास द्यावेत असे आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ सांगतात. आमच्या नातवालाही ते सुरू झाले. मोठ्यांनी मात्र तोंड, हात व पाय उघडे ठेवून, त्वचा लाल होण्यापूर्वी सावलीत परतावे. लू चालली असता उन्हात बसणे म्हणजे उपायापेक्षा अपाय.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही व जावई इमारतीच्या व्यवस्थापकांकडे गेलो. गच्चीची किल्ली मागितली. मुले पडतील, टाक्या फुटतील, अशा शंका निघाल्या. अखेर खालांनी शब्द टाकला आणि रोज सकाळी नऊ ते साडेनऊ व थंडीत दुपारी एक तास गच्ची बायकांसाठी उघडी राहील असे ठरले. दुसऱ्या दिवशी आमची गाडी दुपारची होती. सकाळी वर जाऊन पाहतो तो खाला खुर्चीवर बसल्या आहेत, पुतणी भिंतीचा आधार घेत घेत तीन जिने चढून आली आहे, आणि आणखी तीन-चार शेजारणी तोंडावरची ओढणी सोडून एकमेकींच्या सावल्या पावलांनी मोजीत हसत आहेत.

घरी परतल्यावर आम्ही आपल्या गावाकडे नव्या नजरेने पाहिले. वाड्यांची जागा इमारतींनी घेतली आहे. ओटी गेली, खळे गेले. तरुण मुले-मुली दिवस उगवण्यापूर्वीची लोकल पकडतात आणि दिवे लागल्यावर परततात. मधला सारा वेळ थंड हवेच्या कचेरीत. बाळंतीण बंद खोलीत, आणि म्हातारी माणसे मागच्या खोलीत, दूरचित्रवाणीसमोर. आमच्याच आळीतील एक आजी, ज्यांनी साठ वर्षे भातशेती केली, त्या गेल्या पावसापासून उंबरठ्याबाहेर आलेल्या नाहीत. भोपाळ फार दूर नाही, असे आम्हांस वाटले.

आठ आठवडे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे भुकटी, पुढे बेताची मात्रा, रोज दूध व नाचणी, आणि गच्ची. सुधारणा सावकाश झाली. पहिले दोन महिने तर काहीच फरक दिसेना व पुतणी रडकुंडीस आली होती. दिवाळीच्या सुमारास रात्रीची कंबरदुखी थांबली. नाताळच्या सकाळी तिचा फोन आला. "काका, आज गोठा मांडायला जमिनीवर बसले होते. हात न टेकता उठले."

आम्ही फोन ठेवला आणि आजींच्या घरी गेलो. दुपारचा एक वाजला होता. त्यांची खुर्ची उचलून अंगणात ठेवली, हात धरून त्यांस बाहेर आणले. डोळे मिचकावीत त्यांनी पायांशी पाहिले व म्हणाल्या, "सावली केवढीशी पडलीय रे!"